आधीचा जबाब

५ जानेवारी, सोमवार

माझ्या मुलाला, गंधारला साक्षीचं समन्स आलं. पोलिसाने ओसरीवरच सही घेतली. "बाई, एकोणीस तारीख. झिलाक वेळेर पाठवा," म्हणाला. गंधारने कागद वाचला, घडी करून खिशात घातला आणि मोटरसायकल काढून कुठेतरी गेला. जेवण झाकून ठेवलं ते तसंच राहिलं.

मला मात्र बरं वाटलं. वर्ष उलटलं तरी केस पुढे सरकत नव्हती. आनंदी येता-जाता विचारायची, "बाई, कधी उबी ऱ्हवतली?" तिला काय सांगणार? तिचा नवरा, बाबली, खाडीच्या तोंडाशी होडीत बसून जाळं ओढत होता आणि बोटवाल्या भाईंच्या मुलाने, मितेशने स्पीडबोट त्याच्या अंगावर घातली. बाबली जागच्या जागी गेला. पर्यटक उतरून गेले होते. जेटीवर दोघंच होते, मितेश आणि आमचा गंधार. गंधार बी.कॉम. झाल्यावर बँकेच्या परीक्षा देत होता आणि सीझनमध्ये मितेशकडे बुकिंग बघायचा, लाइफ जॅकेटं वाटायचा. मितेश रिकामी बोट नांगरायला एकटाच घेऊन गेला आणि हे घडलं. गंधारने ते जेटीवरून पाहिलं. उडी मारून बाबलीला वर काढणाराही तोच.

पोलिसांना त्याने हे सांगितलं. नंतर मॅजिस्ट्रेटपुढे शपथेवर सांगितलं. आता फक्त कोर्टात सांगायचं राहिलं आहे.

मितेश म्हणतो, जेटीवर मी होतो, बोट गंधार चालवत होता. लाज वाटायला हवी. बोट ह्याची, परवाना ह्याच्या नावावर, वडिलांचा धंदा, आणि जीव घेतल्याचा आळ मात्र पगारावर ठेवलेल्या मुलावर.

११ जानेवारी, रविवार

आनंदी सकाळी बांगडे घेऊन आली. किती वेळा सांगितलं की आणत जाऊ नको.

"ऱ्हवांदेत बाई. तेका भायर काडूक गंधारच धावलो. माका ता इसराक होवचा नाय."

गंधार आतल्या खोलीत होता. मी हाक मारली, "भायर ये रे, आनंदी इलीहा." आंघोळीला चाललोय, म्हणाला. आंघोळ सकाळीच झाली होती त्याची. लाजतो. कोणी त्या दिवसाचं कौतुक काढलं की असाच आत पळतो. दुपारी बांगड्यांचं तिखलं केलं. त्याने नुसता सोलकढी-भात खाल्ला.

संध्याकाळी मी त्याला म्हटलं, एकदा सगळं माझ्यापुढे बोलून बघ, म्हणजे कोर्टात अडखळणार नाहीस. मी बत्तीस वर्षं मुलांना वक्तृत्वासाठी उभं केलंय, मला कळतं कोण कुठे अडतं ते.

तो म्हणाला, "आई, एकदा सांगलेला पुरे नाय? दोनदा लिवन घेतल्यानी. परत कित्या इचारतत?"

"कायदो आसा तसो."

"मगे आधी कित्या इचारतत?"

अप्पा, गंधारचे वडील, पेपर वाचत होते. त्यांनी पेपराच्या वरून गंधारकडे पाहिलं आणि पुन्हा वाचायला लागले. घरात इतकं मोठं काही चाललेलं असताना ह्या माणसाला पेपर सुचतो.

१९ जानेवारी, सोमवार

लिहवत नाही.

त्याने सांगितलं, मी काही पाहिलं नाही.

२० जानेवारी

आज शाळेत गेले नाही. नोकरीत इतक्या वर्षांत तापाशिवाय रजा घेतलेली नाही.

काल मी कोर्टात मागच्या बाकावर होते. शेजारी आनंदी, तिच्या पलीकडे भाई. गंधार पिंजऱ्यात उभा राहिला, शपथ घेतली. सरकारी वकील सोनल मॅडमनी नाव, वय, शिक्षण विचारलं. नीट उत्तरं दिली. मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही जेटीवर काय पाहिलंत?"

मॅडमनी पुन्हा विचारलं.

"मी काही पाहिलं नाही."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मॅडमनासुद्धा वाटलं असावं, त्या फाईल हातात धरून तशाच राहिल्या. मग म्हणाल्या, "बोट कोण चालवत होतं?"

"सांगता येणार नाही."

आनंदीने माझा हात धरला होता तो सोडला.

मॅडमनी न्यायाधीशांना सांगून त्याला फितूर ठरवून घेतलं. फितूर! हा शब्द मी इतिहासाच्या पुस्तकात शिकवला आहे, माझ्या मुलाच्या नावापुढे ऐकला नव्हता. मग त्या त्याला त्याचा जबाब वाचून दाखवायला लागल्या. ‘मी जेटीवर उभा असताना मितेश याने बोट भरधाव चालवून बाबली याच्या होडीस धडक दिल्याचे मी समक्ष पाहिले. मी ओरडून सावध करण्याचा प्रयत्न केला.’ असं सांगितलं होतंत का? तो म्हणाला, नाही. मग कसं लिहिलं? माहीत नाही. आणि मॅजिस्ट्रेटपुढे? "पोलिसांनी जसं सांगितलं तसं बोललो. घाबरलो होतो."

मितेशचे वकील कुबल अर्धवट उठले, "उलट तपासणी नाही," म्हणाले आणि बसले. तेवढ्यावर संपलं.

बाहेर आल्यावर मी गंधारला एक थोबाडीत मारली. कोर्टाच्या आवारात, लोकांसमोर. तो चोवीस वर्षांचा आहे. त्याने गाल चोळलासुद्धा नाही.

मितेश लांब उभा राहून आमच्याकडे बघत होता. तो हसत नव्हता. जिंकलेल्या माणसाने निदान हसावं.

२३ जानेवारी, शुक्रवार

मी सोनल मॅडमकडे गेले. तरुण मुलगी आहे, टेबलावर फायलींचा ढीग. मी विचारलं, त्याने आधी दोनदा सांगितलंय, एकदा शपथेवर, तेच धरा ना! आता भाईंनी त्याला काय दाखवलं की धमकावलं, देवाला माहीत, पण आधीचं तर खरं आहे!

त्या म्हणाल्या, "बाई, पोलिसांपुढचा जबाब हा पुरावाच नसतो. त्याच्यावर साक्षीदाराची सहीसुद्धा घेत नाहीत. साक्षीदार कोर्टात वेगळं बोलला तर ‘तू आधी असं बोलला होतास’ म्हणून त्याला खोटं पाडायचं, एवढाच त्याचा उपयोग."

"आणि मॅजिस्ट्रेटसमोरचा?"

"त्याचा थोडा जास्त. साक्षीदार कोर्टात तेच बोलला तर त्याला आधार मिळतो. नाही बोलला तर पुन्हा खोटं पाडायलाच. पण तो जबाब स्वतःच्या पायावर उभा राहत नाही. तो देताना समोरच्या वकिलाने काही विचारलेलं नसतं ना. कोर्टात, आरोपीच्या समोर, उलट तपासणीला तोंड देऊन जे टिकतं तेच धरायचं."

"म्हणजे कागदावर शपथेवर लिहिलेलं वाया?"

त्यांनी फाईल मिटली. "बाबली मरण्याआधी बोलला असता, मला मितेशने मारलं, तर ते ज्याने ऐकलं त्याने इथे सांगितलं असतं आणि तो पुरावा झाला असता. तो आता कोर्टात येऊ शकत नाही म्हणून. तुमचा मुलगा येऊ शकतो, आला, आणि नाही म्हणाला."

मी ओरडलेच, मेलेल्याच्या तोंडचं चालतं आणि जिवंत माणसाने शपथेवर सांगितलेलं चालत नाही, हा कुठला न्याय!

घरी येताना एक गोष्ट डोक्यात आली. गंधार म्हणाला, पोलिसांनी सांगितलं तसं बोललो. पण पोलीस यायच्या आधी, अंगावरचं पाणी निथळत असताना, तो मला बोलला होता. माझ्याजवळ. पोलिसांनी पढवलं हे खोटं आहे, हे मी सांगू शकते.

२७ जानेवारी, मंगळवार

सोनल मॅडमना फोन केला. त्या विचारात पडल्या. म्हणाल्या, अर्ज करता येईल, तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलवता येईल. पण नीट समजून घ्या. तुमच्या साक्षीने मितेश दोषी ठरणार नाही. तुम्ही स्वतः काही पाहिलेलं नाही. फक्त तुमचा मुलगा त्या दिवशी कोर्टात खोटं बोलला एवढंच दिसेल, आणि त्याच्यावर खोट्या साक्षीची कारवाईही होऊ शकते.

"त्याने नक्की मितेशचं नाव घेतलं होतं ना?" त्यांनी विचारलं.

"मी त्याची आई आहे," मी म्हटलं.

३० जानेवारी, शुक्रवार

शाळा सुटल्यावर मितेश फाटकाशी उभा होता. माझाच विद्यार्थी. नववीत असताना रोज गृहपाठाची वही घरी विसरणारा.

"बाई, तुमी माका शिकवलास. एकदा माझा ऐकून घेवा."

मी चालत राहिले. तो शेजारून चालू लागला.

"बोट मी तेच्या हातात दिलंय. परवानो नसताना दिलंय, ती माझी चूक, ता मी कबूल करतंय. पण चालवत मी नाय होतंय. तेका इचारा. तो माका फोन करता, बाई. बोलणा काय नाय. नुसतो रडता."

मी थांबले आणि त्याला म्हटलं, "माझ्या मुलाला फोडलंस एवढं पुरे नाही का? आता मला फोडायला आलास?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. नाटकी आहे, पूर्वीपासून. त्याची बोट जप्त, धंदा बंद, रेडी गावच्या मुलीकडच्यांनी सोयरीक मोडली, हे सगळं मला माहीत आहे. बाबलीच्या पोरांचं काय मोडलं ते ह्याला माहीत आहे का?

मात्र एक कळलं. गंधार ह्यांच्याशी फोनवर बोलतो. म्हणजे माझा संशय बरोबर होता.

८ फेब्रुवारी, रविवार

जेवताना मी सांगितलं, अर्ज मंजूर झाला, पंचवीस तारखेला माझी साक्ष आहे.

गंधारचा घास हातातच राहिला. "आई, तू जाव नको."

"कित्या?"

"तुका ठावक नाय काय ता."

"मग सांग माका. काय ठावक नाय?"

तो अप्पांकडे बघायला लागला. अप्पा म्हणाले, "सरला, तेका बोलूक दी." मी म्हटलं, बोलायला तीन आठवडे होते त्याला, तोंड कुणी धरलंय? कोर्टात बोलायचं होतं तेव्हा बोलला नाही. आनंदीला तोंड दाखवायची सोय ठेवली नाही. रोज तिच्या घरावरून शाळेत जाते मी, मान वर करवत नाही.

मी आणखी पुष्कळ बोलले. थांबले तेव्हा गंधार हात धुऊन निघून गेला होता.

भांडी आवरताना अप्पा स्वयंपाकघरात आले. ते सहसा येत नाहीत. म्हणाले, "तो लहानपणापासना पाण्यातसून भायर येय नसा. वालावलाक आजोळाक गेलो तर खाडीतसून तेका वडून काडूक लागा. आता वरस झाला, पाण्यात पाय घालणा नाय."

"तेच्या डोळ्यांदेखत माणूस मेलोहा, अप्पा. भीती बसली आसतली."

"आसतली," अप्पा म्हणाले, आणि दाराला टेकून उभे राहिले. "तू आई म्हणान जातंस काय बाई म्हणान?"

"दोन्ही."

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. देवळात आनंदी भेटली. मला बघून रांगेतून बाजूला झाली. मी तिच्यामागे गेले आणि सांगितलं, मी साक्ष देणार आहे, माझ्या मुलाच्या विरुद्ध. तिने पदराने माझेच डोळे पुसले. मला कळलंही नव्हतं की मी रडतेय.

आता काही झालं तरी मागे फिरणार नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

क्रमाने लिहिते. क्रमाने लिहिलं तर लिहून होईल.

मी पिंजऱ्यात उभी राहिले. आधी कुबल वकिलांनी हरकत घेतली की ह्या बाई मुलाची साक्ष चालू असताना इथेच बसल्या होत्या. न्यायाधीश म्हणाले, नोंद करतो, पुढे चला. सोनल मॅडमनी विचारलं, त्या दिवशी मुलगा घरी आला तेव्हा पोलीस आले होते का? मी म्हटलं, नाही, पोलीस नंतर आले. त्याने तुम्हाला काही सांगितलं का? हो. काय सांगितलं?

"मितेशने बोट बाबलीच्या होडीवर घातली, असं सांगितलं."

मॅडम बसल्या. माझं काम झालं, असं मला वाटलं. आनंदी समोर होती. गंधार दाराजवळ भिंतीला टेकून उभा होता, येऊ नको म्हटलं तरी आला होता.

कुबल वकील उठले. वयस्कर गृहस्थ, आवाज अगदी मऊ. म्हणाले, "बाई, तुम्ही मराठी शिकवता."

"हो."

"आता जे सांगितलंत ते शुद्ध मराठीत सांगितलंत. पोलिसांच्या कागदावरही असंच शुद्ध आहे. घरी तुम्ही असं बोलता?"

"नाही. घरी मालवणी."

"मग मुलगा त्या वेळी जे बोलला ते त्याच्याच शब्दांत सांगा. तुमचे शब्द नकोत."

मी आठवलं. आठवायला काहीच वेळ लागला नाही, मागीलदारी दगडावर तो बसला होता ते सगळं समोर आलं. केसांतून पाणी गळत होतं, दात वाजत होते. मी म्हटलं, "तो म्हणाला, ‘आई, बाबली गेलो. माका होडी दिसाकच नाय गे. डोळ्यार ऊन होता.’"

टाइप करणाऱ्या बाईंना मालवणी कळलं नसावं. त्या म्हणाल्या, परत सांगा, सावकाश.

मी परत सांगितलं. शब्द सुटे करून, शुद्धलेखन घालते तसं. "माका. होडी. दिसाकच नाय."

दुसऱ्यांदा सांगताना मी ते ऐकलं.

कुबल वकील घाई करत नव्हते. "‘माका’ म्हणजे कोणाला, बाई?"

न्यायाधीश म्हणाले, उत्तर द्या.

"बोलणाऱ्याला."

"म्हणजे गंधारला होडी दिसली नाही. त्याच्या जबाबात तर तो जेटीवर उभा आहे, त्याला होडी दिसते आहे, बोट दिसते आहे, तो ओरडून सावध करतो आहे. मग होडी कोणाला दिसली नसेल?"

सोनल मॅडमनी हरकत घेतली, हा प्रश्न साक्षीदाराच्या माहितीतला नाही म्हणून. ती मान्यही झाली. काय उपयोग?

"बरं. मितेशचं नाव त्याने कधी घेतलं?"

मला वाटलं, हे तरी मला माहीत आहे. मी तोंड उघडलं आणि जे आठवलं ते सांगत गेले, कारण शपथ घेतली होती. "मी विचारलं, ‘मितेशान घातल्यान मां?’"

"त्याने काय उत्तर दिलं?"

"तो... गप्प होता."

"मान हलवली?"

"तो थरथरत होता. मला वाटलं, हलवली."

"म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरात मितेशचं नाव पहिल्यांदा तुम्ही घेतलंत."

"हो."

"आभारी आहे," म्हणाले आणि बसले.

मी दाराकडे पाहिलं. गंधार खाली बसला होता, भिंतीशी, गुडघ्यांत डोकं घालून.

मी पिंजऱ्यातून उतरले. व्हरांड्यात आनंदी आडवी आली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "बाई, माका म्हंजे तेका?"

तिने माझा चेहरा पाहिला आणि ती चालायला लागली.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी गंधार माझ्या खोलीत आला. दार लावलं नाही. अप्पा ओसरीवर होते, त्यांनाही ऐकू जावं असं असेल.

बोट तो चालवत होता. मितेशकडे त्याने हट्ट धरला होता, आज मी नांगरतो, एकदा दी. वळवून पश्चिमेकडे काढली आणि ऊन डोळ्यांवर आलं. वेग कमी करायला हवा होता, नाही केला. होडीचा आवाज झाला तेव्हा त्याला वाटलं खडक लागला.

"तू इचारलंस, मितेशान घातल्यान मां, आणि मी गप ऱ्हवलंय. माका वाटला, थोड्या वेळान सांगूया. तोपर्यंत तू अप्पांका सांगलंस. मगे शेजारी इले, तेंका सांगलंस. पोलीस इले तेवा सगळ्यांका ठावकच होता. तेंनी माका इचारल्यानी, मितेशच होतो मां? मी होय म्हटलंय. मगे जेटीवरसून बघलंय, आराडलंय, ता सगळा माझा मीच घातलंय."

"आणि मॅजिस्ट्रेटसमोर?"

"आधी सांगलेला मोडूचा कसा?"

"मग कोर्टात कित्या मोडलंस?"

तो म्हणाला, "मितेश समोर बसलेलो. माझ्याकडे बघत होतो. शपथ घेतलंय आणि तेचा नाव तोंडातसून भायर येईना. खरा सांगूचो धीर जावक नाय. म्हणान म्हटलंय, काय बघलंय नाय."

ओसरीवर अप्पा एकदा खोकले. मी त्यांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? ते म्हणाले, "माहीत नाय. वाटा." मग मला का नाही सांगितलंत? "कितीदा तोंड उघडलंय, सरला."

मी ह्या मुलाला बाराखडी शिकवली. मी त्याचं बोलणं कधी ऐकलं होतं, हे आठवायचा दिवसभर प्रयत्न करते आहे.

१ मार्च, रविवार

गंधार आनंदीकडे गेला होता. मी म्हटलं, बरोबर येते. नको म्हणाला. अप्पा मला म्हणाले, "बस हय." मी बसले.

लगेच परत आला. आनंदीने त्याला दारातच थांबवलं. पूर्ण बोलूसुद्धा दिलं नाही. म्हणाली, "ह्या माका सांगा नको. खोटा जंय सांगलंस थय जावन सांग."

मितेशकडेही गेला. भाईंनी दार उघडलं. पुढे काय झालं ते त्याने सांगितलं नाही. ओठ फुटलेला आहे. मी हळद लावली.

४ मार्च, बुधवार

अप्पा आणि गंधार सोनल मॅडमना भेटून आले. त्यांनी प्रथम त्याला स्वतःचा वकील करायला लावला, मग बोलल्या. मितेशच्या केसमध्ये पुढील तपासासाठी अर्ज देणार आहेत. गंधारने पोलिसांपुढे कबुली दिली तर तिला किंमत नाही. मॅजिस्ट्रेटपुढे द्यावी लागेल, आपणहून, कोणी दबाव न आणता. आणि ती मात्र पुरावा होईल. त्याच्या स्वतःच्या विरुद्ध.

म्हणजे त्याचं आधीचं बोलणं दुसऱ्याला बांधून घालत नाही, पण हे त्याला बांधेल. जानेवारीत मी त्याच ऑफिसात ओरडून विचारलं होतं, हा कुठला न्याय म्हणून. पोलिसाच्या एका प्रश्नाला आलेल्या ‘होय’वर मितेश तुरुंगात गेला असता, आणि मी पेढे वाटले असते.

९ मार्च, सोमवार

आज मॅजिस्ट्रेटपुढे गेला. त्यांनी त्याला सांगितलं, कबुली देण्याचं तुमच्यावर बंधन नाही, दिलीत तर ती तुमच्याविरुद्ध वापरली जाईल, शिक्षा होऊ शकते. घरी जा, विचार करा, वाटलं तर उद्या या. परत पाठवलं.

माझ्या मनात जे आलं ते इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे बोलणार नाही. मनात आलं, जाऊ नको. कोर्टात ‘पाहिलं नाही’ म्हणालास, तेवढ्यावर राहा. मितेश तसाही सुटेल. कोणी काही सिद्ध करू शकणार नाही.

जेवताना गंधारने दोनदा माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी वरण वाढलं.

१० मार्च, मंगळवार

गेला. मी आणि अप्पा बरोबर होतो. शिपायाने आम्हाला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं आणि दार लावून घेतलं. आत पोलीस नाही, वकील नाही, आम्ही नाही. जाड दार आहे. काही ऐकू येत नव्हतं.

किती वेळ गेला ते मी पाहिलं नाही. एकदा मी उठून दारापर्यंत गेले. शिपाई नुसता बघत राहिला. मी परत येऊन बसले.

तो बाहेर आला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. आमच्या मधे येऊन बसला. अप्पांनी पाण्याची बाटली दिली. मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं, आणि विचारलं नाही.

पाणी पिऊन तोच म्हणाला, "लिवन झाल्यार वाचून दाखवल्यानी माका. एका जाग्यार ल्हिलेला, ‘अपघात घडला.’ मी म्हटलंय, साहेब, ह्या बदला. घडाक नाय. माझ्या हातसून झालो."

"बदलल्यानी?" अप्पांनी विचारलं.

"होय. मगे सही केलंय."

आम्ही तिघं उठलो. आवाराच्या फाटकाशी आनंदी उभी होती. तिला कोणी कळवलं कोण जाणे. गंधार तिच्यासमोर जाऊन थांबला. ती म्हणाली, "सांगलंस?"

"सांगलंय."

तिने मान हलवली, डोक्यावरची माशांची पाटी सारखी केली आणि बाजाराच्या वाटेला लागली.